जीवशास्त्राचा शिक्षक कसा घडतो?

बोरगाव मेघेतल्या एखाद्या मुलीला आज हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचं असेल, तर तिची नेहमीची वाट ठरलेली आहे: तीन वर्षं बी.एस्सी., मग दोन वर्षं बी.एड. 2015 पूर्वी बी.एड. वर्षभरात उरकत असे.

आता शेजारच्या वर्ध्यात काय घडलं ते पाहू. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे झाकिर हुसेन समितीने आराखडा दिला. त्यातल्या सामान्य विज्ञानात निसर्गनिरीक्षण, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, शरीरविज्ञान सारं होतं, आणि ते हस्तोद्योगाशी जोडून शिकवायचं होतं. शिक्षकासाठी तीन वर्षांचं पूर्ण प्रशिक्षण सुचवलं होतं. कापूस पिकवता पिकवता बोंड, अळी आणि माती समजून घ्यायची. आधी शिक्षकाने, मग मुलांनी.

अर्थात, तो आराखडा प्राथमिक शिक्षणाचा होता. दहावीला अनुवंश शिकवायचा तर विद्यापीठाची खोली हवीच. पण विद्यापीठाने शिक्षकाचे दोन तुकडे केले. बी.एस्सी.त पेशी भेटते, मूल भेटत नाही. बी.एड.ला मूल भेटतं, तोवर सूक्ष्मदर्शक मागे राहिलेला असतो. ‘सर, झाड झोपतं का?’ या प्रश्नाला दोन्ही लागतात.

2020 च्या राष्ट्रीय धोरणाने चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम पुढे आणला. चांगलं आहे. मात्र वेळापत्रक एक झालं म्हणून ज्ञान एक होत नाही. ते सांधणारे प्राध्यापक आधी घडवावे लागतील.