रूआह : वारा, श्वास की आत्मा?

पेसाहच्या मधल्या दिवसांतील शब्बाथास आपण यहेज्केल संदेष्ट्याच्या ३७ व्या अध्यायाची हफ्तारा वाचतो. शुष्क अस्थींच्या खोऱ्यात चार दिशांचे वारे येतात, मृतांत श्वास शिरतो, आणि अखेरीस परमेश्वर आपला आत्मा त्यांच्या ठायी घालतो. मराठीत हे तीन शब्द झाले. हिब्रूत तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, रूआह. मूळ ऐकणाऱ्याच्या कानी एकच शक्ती पुन्हा पुन्हा येते आणि हाडे उभी राहतात. भाषांतरात ती साखळी तुटते.

हाच प्रश्न उत्पत्तीच्या दुसऱ्या वचनात आहे. फिलाडेल्फियाच्या ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीने १९१७ च्या इंग्रजी भाषांतरात जलांवरील रूआहला 'आत्मा' या अर्थाचा शब्द दिला. १९६२ साली हॅरी ऑर्लिन्स्की यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली निघालेल्या तोरामध्ये त्याच संस्थेने 'वारा' स्वीकारला. सरळ अर्थ वाऱ्याचाच, असे ऑर्लिन्स्कींचे प्रतिपादन होते. (ओंकेलोसच्या अरामी भाषांतरातील क्रियापदही वाहण्याचेच आहे.) त्यामुळे आज आपल्या घरांत आजी मराठी शास्त्रात आत्मा वाचते, अमेरिकेत वाढलेला नातू इंग्रजीत वारा वाचतो, आणि परमेश्वराच्या जागी नुसती हवा आली की काय, अशी शंका आजीच्या मनात येते.

छापील मराठी शास्त्र आपल्या पूर्वजांना प्रथम मिशनऱ्यांकडून मिळाले. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीच मुंबईस पोहोचले होते. त्या परंपरेतील 'आत्मा' मला अपुरा वाटतो. ऋग्वेदात आत्म्याला श्वासाचाही अर्थ होता. पुढे वेदान्ताने त्यास अचल ठरविले. रूआह तर कधी स्थिर नसते. 'प्राण' जवळचा खरा, परंतु प्राण चार दिशांनी वाहत येत नाहीत. उलट आपल्या बोलीत 'अंगात वारे येणे' म्हणजे देवाचा संचार होणे. वारा आणि संचार एकाच शब्दात! इंग्रजी 'विंड'ला हे भाग्य नाही. मात्र त्या शब्दाला घुमणाऱ्या भगतांची आठवण चिकटलेली आहे, आणि धर्मग्रंथात तो घेण्याचा संकोच मी समजू शकतो.

म्हणून माझी सूचना अशी की, पुढील पेसाहसाठी मराठी हफ्तारा छापताना वारा, श्वास, आत्मा हे तिन्ही शब्द ठेवावेत, परंतु प्रत्येकाच्या शेजारी समासात देवनागरीत 'रूआह' छापावे, आणि वाचणाऱ्याने तेही मोठ्याने वाचावे.