कंपवात (पार्किन्सन आजार) : संशोधन व गोव्याचा संदर्भ

मध्यमेंदूतील सबस्टँशिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या, डोपामीन तयार करणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होत गेल्याने जडणारा आजार. हालचाल मंदावणे, विसावलेला हात कापणे, अंग ताठरणे आणि पुढे तोल जाणे ही मुख्य लक्षणे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. या पेशींत साचणाऱ्या गुठळ्या अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या असतात, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले.

कारणे : बहुसंख्य रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. वय, जनुके आणि परिसर यांचा मिळून परिणाम होतो. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी झालेल्या पाहणीत (१९८८) १४,०१० लोकांमध्ये ४६ रुग्ण आढळले, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. त्या काळात जगात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी हे एक होते. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक यांचा या आजाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. गोव्यात पेडण्याच्या भाटांत आणि शेतांत फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे व मुखपट्टी वापरावी, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

गोव्यातलाच डिचोली तालुका खाणींचा. शिरगाव, मये, पाळी, सुर्ला या गावांनी लाल धूळ वर्षानुवर्षे सोसली आहे, त्यामुळे खाणीचा आणि कंपवाताचा संबंध आहे का, हा प्रश्न तिथे विचारला जाणे स्वाभाविक आहे. खनिजातून येणारा असा विकार आहे, पण तो मँगेनीजचा. स्कॉटलंडमध्ये मँगेनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांत जॉन कूपर यांनी तो १८३७ मध्येच नोंदवला. त्यात मेंदूचा वेगळा भाग, ग्लोबस पॅलिडस, बाधित होतो. रुग्ण चवड्यांवर कोंबड्यासारखा चालू लागतो आणि लेवोडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाचा गुण फारसा येत नाही. डिचोलीत मात्र मुख्यतः लोहखनिज निघते. गोव्यातले मँगेनीज प्रामुख्याने सांगे-केपे भागातले. रुग्णांच्या सबस्टँशिया नायग्रात लोह साठलेले आढळते, हे खरे. ते काढून टाकणाऱ्या डेफेरिप्रोन या औषधाची ३७२ नव्या रुग्णांवर चाचणी झाली (२०२२), तेव्हा औषध घेणाऱ्यांची स्थिती उलट अधिक बिघडली. खाणीची धूळ फुप्फुसांना घातक आहे. तिला कंपवाताचे कारण म्हणण्याइतका पुरावा मात्र नाही.

निदान : रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत हा आजार कळत नाही. डॉक्टर रुग्णाला चालवून, बोटे आपटायला लावून, मनगट हलवून पाहतात. त्यावरच निदान ठरते. वास जाणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे, अक्षर बारीक होणे या गोष्टी कंपाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतात आणि घरात ‘वय झालं’ म्हणून सोडून दिल्या जातात. हा उशीर टाळण्याजोगा आहे. चक्कर व उलटीवरच्या काही औषधांनी (प्रोक्लोरपेराझीन, मेटोक्लोप्रमाइड, सिनारिझीन) हुबेहूब हीच लक्षणे येतात आणि औषध थांबवल्यावर बहुधा ओसरतात; म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवणे ही निदानाची पहिली पायरी होय. मणक्यातील द्रवात चुकीच्या घडीचे अल्फा-सिन्युक्लीन शोधणारी चाचणी १,१२३ जणांवर झाली (२०२३) आणि तिने सुमारे ८८ टक्के रुग्ण ओळखले. ती अजून मुख्यतः संशोधनातच वापरली जाते.

उपचार : गमावलेल्या पेशी परत आणणारा किंवा आजार थांबवणारा सिद्ध उपाय नाही. १९६० मध्ये व्हिएन्नात रुग्णांच्या मेंदूत डोपामीन कमी असल्याचे दिसले. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी डीएल-डोपा (त्यातला एल-डोपा म्हणजेच लेवोडोपा) वाढत्या मात्रेत देऊन गुण दाखवला. याच कोत्झियास यांनी चिलीच्या मँगेनीज खाणकामगारांचाही अभ्यास केला होता. लेवोडोपासोबत कार्बिडोपा दिल्याने औषध मेंदूबाहेर वाया जात नाही आणि मळमळ कमी होते. काही वर्षांनी मात्रेचा असर लवकर उतरू लागतो, अंग अनावर वळू लागते. अशा निवडक रुग्णांसाठी मेंदूत तारा बसवून उत्तेजन देण्याची शस्त्रक्रिया आहे. नियमित व्यायामाचा लाभ सर्वच टप्प्यांत होतो.

खाजकुयली : हाच लेवोडोपा कोकण-गोव्यातल्या कुंपणांवर चढणाऱ्या खाजकुयलीच्या (आयुर्वेदातील कपिकच्छू) बियांत असतो. मद्रासमध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी तो त्यांतून वेगळा केला (१९३७). मुंबईत अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे झंडूच्या एचपी-२०० या चूर्णाचा ६० रुग्णांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला (१९९५). लंडनमध्ये आठ रुग्णांना दिलेल्या ३० ग्रॅम चूर्णाचा गुण लेवोडोपाच्या गोळीपेक्षा लवकर, सुमारे ३५ मिनिटांत आला (२००४). बोलिव्हियात भाजलेल्या बियांची पूड एकेका मात्रेपुरती गोळीच्या तोडीची ठरली (२०१७), पण रोज १६ आठवडे घेताना १४ पैकी निम्म्या रुग्णांनी पोटाच्या त्रासाने किंवा आजार बळावल्याने ती सोडली.

पेडणे तालुक्यात धारगळ येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्‌घाटन झाले. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ पर्यंत मागे जाते. वनस्पती, वैद्य आणि चेताविकारतज्ज्ञ एकाच छोट्या राज्यात असल्याने अशा संशोधनाला इथे खरी जागा आहे. बियांतील लेवोडोपाचे प्रमाण वाणानुसार व जमिनीनुसार बदलते, साधारण ४ ते ६ टक्के. त्यामुळे प्रत्येक खेपेची मोजणी न करता घरी केलेल्या चूर्णाची मात्रा ठरवता येत नाही. गोळी चालू असताना चूर्णही घेतल्यास लेवोडोपा जास्त होऊन भास, रक्तदाब उतरणे आणि अनावर हालचाली उद्भवू शकतात. चूर्ण घेत असल्याचे डॉक्टरांना आणि गोळी चालू असल्याचे वैद्यांना सांगणे आवश्यक असते.