मुसीचा पूर आणि फुटलेले तलाव

हैदराबादच्या गौलीगुड्यातील जुन्या मराठी घरांत माणसाचे वय सांगण्याची एक रीत माझ्या लहानपणापर्यंत शिल्लक होती. अमुक गृहस्थ ‘तुग्यानीच्या आधीचे’ आणि तमुक बाई ‘तुग्यानीनंतरच्या’, एवढे सांगितले की पुरे होई. तुग्यानी म्हणजे महापूर. शब्द उर्दूतला, पण मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्यांच्या तोंडीही तो सारखाच बसला होता. शहरात पूर पुष्कळ येऊन गेले. सोळाव्या शतकापासूनच्या त्यांच्या नोंदी आहेत. परंतु नुसते ‘तुग्यानी’ म्हटले की तो एकच पूर समजावयाचा. सोमवार, दिनांक २८ सप्टेंबर १९०८ चा.

मुसी ही काही मोठी नदी नव्हे. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात ती उगम पावते, शहराच्या पश्चिमेस तिला ईसी ही दुसरी नदी मिळते, आणि मग ती हैदराबादच्या मधून वाहत पुढे कृष्णेस जाऊन मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून माणसे चालत जात. अशा नदीवर विश्वास ठेवून लोकांनी अगदी काठापर्यंत घरे बांधली होती, आणि त्यांत त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. रोज डोळ्यांसमोर दिसते त्यावरच माणूस विसंबतो. मराठी मंडळींची वस्तीही नदीच्या उत्तरेस, रेसिडेन्सीच्या बाजूला, बरीच वाढली होती. पुराच्या आदल्याच वर्षी, १९०७ साली, विवेकवर्धिनी पाठशाळेचा आरंभ झाला होता.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस लागला तो थांबेना. २८ तारखेच्या पहाटेपासून पाणी चढत गेले. अफझल पूल गेला, मुसल्लमजंग पूल गेला, चादरघाटचा पूल मोडला. टिकला तो सर्वांत म्हातारा, इब्राहिम कुतुबशहाच्या कारकीर्दीत १५७८ साली बांधलेला पुराना पूल. अफझलगंजचे सरकारी रुग्णालय रुग्णांसकट पाण्यात गेले. कोलसावाडी म्हणून एक दाट वस्ती होती. ती सायंकाळी जागेवर नव्हती. शहराच्या तटावरील पेटलाबुरुजावर शेकडो माणसे आसऱ्यासाठी चढली होती. बुरूज उंच होता, दगडी होता. पण पायथा पाण्याने पोखरला आणि तो माणसांसह कोसळला. मृतांचा आकडा बहुतेक ठिकाणी १५,००० असा छापलेला आढळतो. कोणी १०,००० म्हणतात, कोणी ५०,००० पर्यंत जातात. ज्या गल्लीतील सगळीच माणसे गेली, त्या गल्लीची शिरगणती करावयास उरले कोण होते? घरांचा हिशेब त्या मानाने सोपा. सुमारे १९,००० घरे पडली आणि ८०,००० माणसे उघड्यावर आली.

या पुराची सर्वांत जिवंत साक्ष एका कवीची आहे. अमजद हैदराबादी हे उर्दूतील रुबाईचे थोर कवी. त्या दिवशी त्यांची आई, पत्नी आणि लहान मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. कुटुंबातून ते एकटे वाचले. पुढे त्यांनी ‘कयामत-ए-सुगरा’, म्हणजे धाकटा प्रलय, या नावाचे काव्य लिहिले. नावातील ‘धाकटा’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. थोरला प्रलय सर्व जगाचा असतो. हा एका शहराचा, किंबहुना एका घराचा. त्यानंतर अमजद अर्धशतकाहून अधिक काळ जगले आणि त्याच शहरात जगले.

रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड होते, ते आजही आहे. त्या दिवशी सुमारे दीडशे माणसे त्याच्या फांद्यांवर चढून बसली आणि वाचली. पुष्कळ तास ती तशीच बसून होती. खाली काय काय वाहत जात होते ते त्यांना पाहावेच लागले असेल. डोळे मिटावेत तर हात सुटण्याचे भय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वृद्ध बाई राहत असत. आम्ही मुले त्यांना आजी म्हणत असू. नाताळात आमच्या घरच्या करंज्यांचे ताट मी त्यांच्याकडे पोहोचवीत असे, आणि ताट रिकामे होऊन परत हाती येईपर्यंत तेथे बसावे लागे. तुग्यानीच्या वेळी त्या सहा वर्षांच्या होत्या. मी ऐकले तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. सांगण्यात रडगाणे मुळीच नसे. “पाण्याला आवाज नव्हता रे पोरा, भिंतींना होता,” असे त्या म्हणत. मातीच्या भिंती आधी भिजून फुगत, मग एकदम बसत, आणि त्याचा धप्प असा आवाज एका घराकडून दुसऱ्या घराकडे जवळ येत जाई. त्यांच्या वडिलांनी त्यांना लाकडी दिंडी दरवाजाच्या वर असलेल्या माळ्यावर टाकले होते. तेथून त्यांना एक पाळणा वाहत जाताना दिसला. पाळण्यात काय होते हे त्यांनी मला कधीच सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पूर उतरल्यावर आठवडाभर सरकारी लंगरात जेवलो, तेथे पहिल्यांदा मुसलमान आचाऱ्याच्या हातचे अन्न आमच्या घरच्यांनी खाल्ले, हे मात्र त्या दरवेळी आवर्जून सांगत. सांगताना किंचित हसत.

अशा आठवणींचे मोल मी कमी मानीत नाही. इतिहासाच्या पुस्तकात भिंतीचा आवाज कोठून यावयाचा? तथापि गेली काही वर्षे वर्गात हा विषय शिकविताना एक गोष्ट मला जाणवू लागली आहे. माणसाची आठवण दाराशी आलेल्या पाण्याची असते. ते पाणी कोठून निघाले, हे आठवणीला ठाऊक नसते. आणि ठाऊक नसल्यामुळे ती तेथे दुसरेच काही आणून बसविते. हैदराबादेत अशी एक कथा घरोघर सांगितली जाते. नदी कोपली आहे असे कोणी ज्योतिष्याने सांगितले, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान स्वतः काठावर आले, त्यांनी नदीची पूजा केली, साडी, खण, कुंकू वाहिले आणि मग पाणी उतरले. परधर्माच्या प्रजेच्या समजुतीला मान देणारा राजा म्हणून त्यांची ही आठवण लोकांनी प्रेमाने जपली, आणि तसे प्रेम त्यांनी संपादन केले होते यात शंका नाही. महालांची दारे त्यांनी निराश्रितांना उघडली होती, शहरात अन्नछत्रे चालविली होती. पण कथा ऐकणाऱ्याच्या मनात उरते ते एवढेच, की नदीला राग आला होता व तो शांत झाला.

पाणी खरोखर कोठून आले, हे शोधण्याचे काम निजाम सरकारने १९०९ साली एका अभियंत्याकडे सोपविले. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हे नाव मराठी माणसाला परके नाही. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांची सुरुवात नाशिककडे झाली, आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे त्यांनी १९०३ साली बसविले ते त्या काळी एक नवलच होते. नोकरी सोडून ते परदेशात फिरत असताना हैदराबादचे बोलावणे त्यांना गेले.

विश्वेश्वरय्यांनी प्रथम नदीकडे पाहिलेच नाही, असे म्हटले तरी चालेल. त्यांनी नदीच्या वरचा प्रदेश पाहिला. पावसाची मोजमापे गोळा केली. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस झाला होता. एवढा पाऊस कोठेही अनर्थ करील. परंतु त्यांनी आणखी एक मोजणी केली. मुसी आणि ईसी यांच्या पाणलोटात लहानमोठे ७८८ तलाव होते; म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. शेतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव माळेसारखे एकाखाली एक असत. वरच्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्यात यावयाचे. ही रचना मोठी शहाणपणाची होती, पण तिच्यातच एक धोका होता. वरचा बांध फुटला की त्याचे सगळे पाणी एकदम खालच्या बांधावर येऊन आदळते. खालचा आधीच काठोकाठ असतो, तोही फुटतो, आणि दोघांचे पाणी मिळून तिसऱ्यावर जाते. शमशाबादकडील पालमाकुल आणि त्याच्या शेजारचा परती हे तलाव असे फुटले. एकंदर फुटलेल्या तलावांची संख्या २२१ निघाली. शहरापाशी मुसीतून सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी गेले असा अंदाज निघाला. आजींना माळ्यावरून दिसलेला पाळणा त्या पाण्यावर होता.

औषधही त्यांनी वरच्या अंगालाच सुचविले. शहराच्या वर काही मैलांवर दोन्ही नद्यांना दोन मोठी धरणे बांधावीत, पुराच्या वेळी पाणी तेथे अडवावे आणि नदीला सोसेल तेवढेच खाली सोडावे. मुसीवरील उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, ईसीवरील हिमायतसागर १९२७ साली. त्याबरोबर शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ निघाले, काठावरची वस्ती मागे सरली, आणि सातव्या निजामांच्या काळात दोन्ही तीरांवर उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय अशा देखण्या इमारती उभ्या राहिल्या. चिंचेचे झाड रुग्णालयाच्या आवारात राहिले. (धरण म्हणजे अभय नव्हे, हे पुणेकरांना सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि विश्वेश्वरय्यांची ही कर्मभूमी पाण्याखाली गेली. ते तेव्हा हयात होते. वय शंभराच्या घरात.)

दोन सागर झाल्यावर हैदराबाद निर्धास्त झाले, आणि पाणलोटातील बाकीच्या तलावांचा त्याला विसर पडत गेला. १९०८ चा पूर लोकांच्या लक्षात राहिला; २२१ हा आकडा राहिला नाही. शहर वाढले तसे तलाव उथळ झाले, भरले गेले, त्यांवर वसाहती झाल्या. २४ ऑगस्ट २००० रोजी एका दिवसात २४० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. हुसेनसागराखालील वस्त्यांत घरांच्या छपरांवर बसलेली माणसे मी पाहिली. त्या वेळी सर्वांच्या तोंडी एकच वाक्य होते, ‘असा पाऊस कधी पाहिला नाही.’

१३ ऑक्टोबर २०२० ची रात्र मात्र मी स्वतः पाण्यात काढली. आमचे घर तळमजल्यावर होते, मुसीपासून दोन गल्ल्या आत. दिवे गेलेले, आणि गटाराच्या झाकणातून पाणी वर उसळत होते. ते नदीकडून नव्हे, जमिनीतूनच आले. पत्नीने धान्याचे डबे उचलले, मी मुलांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि वडिलांचे जुने शब्दकोश. जिन्यावर उभे राहून पाहतो तो शीतकपाट आडवे होऊन स्वयंपाकघरात हळूहळू फिरत होते आणि दर फेरीला दाराच्या चौकटीवर आपटत होते. तो आवाज अजून कानात आहे. पाणी पुस्तकांच्या कपाटाच्या तिसऱ्या फळीपर्यंत चढले, तेथे त्याची रेघ उमटली. आजींना भिंतींचा आवाज का आठवत असे, ते मला त्या रात्री कळले. आणि पाणी कोठून आले हे आमच्या जिन्यावरच्या पंधरा माणसांपैकी एकालाही सांगता येत नव्हते. चार दिवसांनी, १७ तारखेच्या रात्री, बाळापूर बाजूचा गुर्रम चेरुवु फुटून हाफिज बाबानगरात पाणी घुसले. चेरुवु म्हणजे तेलुगूत तलाव.

त्यानंतर २०२५ च्या सप्टेंबरात, तुग्यानीच्या वाढदिवसाच्या आगेमागेच, दोन्ही सागरांचे दरवाजे उघडावे लागले आणि मुसीच्या पात्रालगतच्या मोठ्या बसस्थानकात पाणी शिरले. दरवर्षी २८ सप्टेंबरला काही नागरिक त्या चिंचेखाली जमतात, अमजदांची आठवण काढतात. मीही जातो.

शाळेत या दिवसांत मी मुलांना एक काम देतो. आपापल्या मोहल्ल्याच्या नावात पाणी आहे का ते पाहून यावयाचे. मासाब टँक हे नाव पहिल्यांदा येते. तेथील तलाव आटून किती काळ झाला हे कोणाला आठवत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने तालाबकट्टा हे नाव आणले. कट्टा म्हणजे बांध, असे मी सांगितले. ती म्हणाली, “सर, आमच्याकडे बांध नाही, रस्ता आहे. मग तलाव कुठे आहे?” मी जुन्या नकाशावर मीर जुमला तलावाची जागा दाखविली. तिने बोटाने गल्ल्या मोजल्या. तिच्या मामाचे घर तलावाच्या मधोमध निघाले.