मागील आसनाचा इतिहास

वाहनांचा इतिहास लिहिणारे बहुधा चालकाच्या बाजूनें लिहितात. गाडी किती वेगानें गेली, तिच्या यंत्रांत किती घोड्यांचें बळ होतें, कोणी तिच्यावरून कोठवर मजल मारली, हे प्रश्न त्यांना महत्त्वाचे वाटतात. मागें बसलेल्या माणसाची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाहीं. मोटारसायकलीच्या इतिहासांत हा पक्षपात विशेष ठळक आहे. जी गाडी आपल्याकडील असंख्य कुटुंबांनीं दोघांसाठीं म्हणूनच विकत घेतली, तिच्यावरील दुसऱ्या माणसाची जागा कशी निर्माण झाली आणि ती कितपत सुरक्षित ठरली, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे. हल्लीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यांतील रस्त्यांवर ‘स्पोर्ट्स-टूरर’ जातीच्या, म्हणजे वेग व दूरचा प्रवास हे दोन्ही हेतु साधूं पाहणाऱ्या मोटारसायकली दिसूं लागल्या आहेत आणि त्यांच्यावर बहुधा दोघें असतात. तेव्हां हा विषय केवळ जुन्या गोष्टी उकरण्याचा राहिलेला नाहीं.

या पट्ट्याचा स्वारीशीं संबंध जुना आहे. कल्याण हें प्राचीन बंदर. तेथून मुरबाडवरून नाणेघाटाकडे एक वाट जाई आणि उल्हास नदीच्या खोऱ्यानें बोरघाटाकडे दुसरी. या दुसऱ्या वाटेवर बदलापूर आहे. येथें घोडे बदलीत, म्हणून गांवाला बदलापूर हें नांव पडलें, अशी लोकसमजूत आहे. व्युत्पत्ति कांहींहि असो, घाटाच्या पायथ्याशीं वाहन ताजें करून घ्यावें लागतें, हा प्रवाशांचा अनुभव त्या समजुतींत नीट नोंदला गेला आहे.

घोडेस्वारीनें मराठी भाषेला मांड, खोगीर, रिकीब, लगाम असे अनेक शब्द दिले. पण ते सारे एकट्या स्वाराचे. इंग्लंडांत स्वाराच्या मागें स्त्रीला बसतां यावें म्हणून घोड्याच्या पाठीवर एक लहानशी गादी बांधीत. तिला ‘पिलियन’ म्हणत, आणि तोच शब्द पुढें मोटारसायकलीच्या मागील आसनाला चिकटला. आपल्याकडे तो कचेऱ्यांच्या कागदांबाहेर फारसा पडला नाहीं. आपण ‘डबलसीट’ म्हणूं लागलों. या शब्दाचे दोन्ही तुकडे इंग्रजी असले तरी त्यानें संसार केला तो मराठींत. पिलियन म्हणजे मागची जागा. डबलसीट म्हणजे दोघांनीं मिळून जाण्याची रीत. एका भाषेनें आसनाला नांव दिलें, दुसरीनें सोबतीला, हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

यंत्राच्या जन्माच्या वेळीं सोबतीचा विचार मुळींच झालेला नव्हता. १८८५ सालीं जर्मनींत डाइम्लर व मायबाख यांनीं लांकडी सांगाड्याच्या गाडीला पेट्रोलचें यंत्र बसविलें, तें एकट्या स्वारासाठीं. १८९४ पासून हिल्डेब्रांड व वुल्फम्युलर यांची मोटारसायकल विक्रीसाठीं बनूं लागली, तीहि एकट्याचीच. पुढें दुसऱ्या माणसाची सोय नाना प्रकारांनीं करून पाहण्यांत आली. कोणी मागें ओढगाडी जोडली, कोणी पुढें खुर्ची बसविली, कोणी शेजारीं तिसऱ्या चाकाची साइडकार लावली. साइडकारींत बसणाऱ्याला ऐस-पैस जागा मिळे. १९७५ च्या ‘शोले’ चित्रपटामुळें ती आपल्याकडे घरोघरीं ठाऊक झाली. परंतु ती महाग, जड आणि अरुंद रस्त्याला अडचणीची. अखेर जो उपाय टिकला तो सर्वांत स्वस्त होता: सामान ठेवण्याच्या जागेवर एक उशी, आणि पाय टेकण्यास दोन खुंट्या. सोबती सामानाच्या जागीं बसला, आणि पुढें कित्येक वर्षें त्याला वागणूकहि सामानासारखीच मिळाली.

आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीं फटफटी ही लष्कर, पोलीस आणि थोडे हौशी श्रीमंत यांच्यापुरतीच होती. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें उल्हासनगराची स्थापना झाली. शेजारीं अंबरनाथ; शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवमंदिराचें हें गांव विसाव्या शतकांत आगपेट्यांच्या व युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळें कामगारांचें गांव बनलें. बदलापूर त्यांच्या पुढचें; मुंबईपासून लोहमार्गानें ६८ किलोमीटर. तिन्ही ठिकाणच्या माणसाची दिनचर्या आगगाडीला बांधलेली. पण घरापासून स्टेशन, स्टेशनापासून कारखाना, आणि रविवारीं नातेवाइकांकडे जाणें, यासाठीं स्वतःचें वाहन हवें अशी निकड वाढत गेली.

ही निकड दुचाकीनें भागविली. १९५५ सालीं मद्रासेस एन्फिल्डच्या गाड्या बनूं लागल्या. मुंबईंत लॅम्ब्रेटा आणि पुण्याजवळ आकुर्डीस बजाजची व्हेस्पा यांच्या स्कूटरींनीं मध्यम वर्ग जिंकला. १९७२ सालीं बजाजची ‘चेतक’ आणि पुण्याच्याच कायनेटिकची ‘लूना’ आली. चेतक हें राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव. म्हणजे घोडा गेला तरी त्याचें नांव दारांत उभें राहिलें. त्या काळीं नोंदणी करून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि स्कूटर दारीं आली म्हणजे तिला हार घालून पूजा होई. पुढें उभें राहिलेलें मूल, मागें पत्नी, तिच्या मांडीवर दुसरें मूल, हें दृश्य सर्वांच्या परिचयाचें आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें चालकाखेरीज एकाच माणसाला, आणि तेंहि मागें घट्ट बसविलेल्या आसनावर, परवानगी दिली होती. कायदा दोघांचा होता आणि संसार चौघांचा.

येथें वेषाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि आमच्या मतें तो क्षुल्लक नाहीं. नऊवारी लुगड्याला कासोटा असतो; तें नेसून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतां येतें, आणि मराठ्यांच्या स्त्रिया तशा घोड्यावर बसतहि. विसाव्या शतकांत सुशिक्षित मध्यम वर्गानें गोल नेसण्याचें पांचवारी पातळ हळूहळू स्वीकारलें. तें सुटसुटीत आणि आधुनिक मानलें गेलें. पण पाठोपाठ दुचाकी आली तेव्हां तें नेसणाऱ्या स्त्रीला एका बाजूला पाय सोडून बसण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. असें बसल्यानें शरीराचा भार गाडीच्या मध्यरेषेवरून ढळतो, धरण्यास एकच हात मोकळा राहतो, आणि पदर किंवा ओढणी चाकांत ओढली जाण्याचें भय सतत असतें. या भयापोटीं मागच्या चाकाला बाजूनें जाळी लावण्याची आपल्याकडील पद्धत निर्माण झाली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानें तिला सक्तीचें रूप दिलें: मागें बसणाऱ्यासाठीं हाताला आधार असावा, पायाला टेकू असावा, आणि कपडे अडकूं नयेत म्हणून मागचें चाक निदान अर्धें झांकलेलें असावें. परदेशी आरेखनावर आपल्या स्त्रियांच्या वस्त्रांनीं उमटविलेली ही एक खूण आहे. जाळीमुळें गाडीचें रूप बिघडतें म्हणून ती काढून टाकणाऱ्या तरुणांनीं ती कशासाठीं आली हें जाणून घ्यावें.

त्यानंतर वेष पुन्हां बदलला. उल्हासनगराच्या गल्ल्यांतून शिवल्या जाणाऱ्या जीन्स साऱ्या देशांत जाऊं लागल्या, आणि मागें बसणारी मुलगी पुन्हां दोन्ही बाजूंना पाय टाकून बसूं लागली. जवळच्या डोंबिवलींत १९९९ पासून गुढीपाडव्याची शोभायात्रा निघूं लागली. अशा शोभायात्रांतून आतां नऊवारी नेसून, फेटा बांधून स्त्रिया स्वतःच मोटारसायकल चालवितात. कांहींना हें प्रदर्शन वाटतें. आम्हांस मात्र त्यांत एका जुन्या मांडीचें पुनरागमन दिसतें.

आतां स्पोर्ट्स-टूररकडे वळूं. शर्यतीच्या गाडीवर स्वार पुढें वांकून बसतो. तिचें मागचें आसन उंच, चिंचोळें आणि नांवापुरतें असतें. दूरच्या प्रवासाची गाडी आरामशीर, पण जड व संथ. या दोहोंचा मेळ घालण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९७६ सालीं बीएमडब्ल्यूच्या ‘आर १०० आरएस’ या गाडीनें केला. वाऱ्याच्या बोगद्यांत पारखलेलें कवच तिच्या पुढच्या अंगाला होतें, त्यामुळें तासन्‌तास वेगानें जातांना वाऱ्याचा मारा कमी बसे. १९९० सालीं होंडाची ‘पॅन युरोपियन’ आणि २००१ सालीं यामाहाची ‘एफजेआर १३००’ यांनीं रुंद आसन आणि दोन्ही अंगांस सामानाच्या पेट्या यांची त्यांत जोड दिली. आपल्याकडे २००३ ची ‘करिझ्मा’ व २०१६ ची ‘डॉमिनार’ यांनीं त्याच वाटेनें, परंतु आपल्या खिशाला झेपेल अशा बेतानें, पाऊल टाकलें. या जातीचें वैशिष्ट्य असें कीं, तिच्या आरेखनांत मागील आसन प्रथमच प्रवासी म्हणून गणलें गेलें.

तरीहि दोघांचा भार हा निसर्गाचा नियम आहे. तो जाहिरातीनें बदलत नाहीं. स्वार गाडीच्या मधोमध बसतो. मागच्या माणसाचें वजन मात्र जवळजवळ सारें मागच्या चाकावर पडतें. त्यामुळें मागची स्प्रिंग दबते, गाडीचें नाक वर होतें, पुढचें चाक हलकें पडून वळणावर सुस्त वागतें, आणि रात्रीं दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून दोघांनीं निघण्यापूर्वीं स्प्रिंगचा ताण आणि टायरमधील हवा कारखानदाराच्या पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें वाढवावी लागते. ब्रेक दाबतांच मागचा माणूस पुढें घसरून चालकाच्या अंगावर येतो आणि त्याच्या मनगटांवर भार पडतो. म्हणून ब्रेक लवकर व हळूहळू लावावा. वळणावर मागच्यानें चालकाच्या अंगाबरोबर कलावें. घाबरून उलट बाजूला झुकल्यास गाडी इच्छित रेषेबाहेर जाते. तात्पर्य, मागें बसणें हेंहि शिकण्याचें काम आहे. परवान्याची परीक्षा मात्र एकट्या चालकाचीच होते.

या शिक्षणाची कसोटी आमच्या पट्ट्यांत घाटावर लागते. मुंबई-पुणे द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा खुला झाला, परंतु त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. गाडी कितीहि वेगवान असो. बदलापुराहून पुण्याकडे निघालेलें जोडपें वांगणी, नेरळ, कर्जत करीत खोपोलीस येतें आणि तेथून बोरघाटाचा जुना रस्ता धरतें. तो रस्ता १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत चाकांच्या गाड्यांसाठीं खुला झाला. घाटांत शिंगरोबाचें देऊळ आहे. ज्या धनगरानें इंग्रजांना वाट दाखविली त्याचें तें स्थान, अशी आख्यायिका आहे, आणि ये-जा करणारे वाहनचालक तेथें अजूनहि हात जोडतात. पावसाळ्यांत धुकें, ओला उतार, वळणावर सांडलेली खडी आणि शेजारीं मालमोटारींची रांग, अशा ठिकाणीं दोन माणसांचा जीव दोन तळहातांएवढ्या रबराच्या स्पर्शावर अवलंबून असतो. माळशेजकडे जाणाऱ्यांनाहि हेंच लागू आहे.

नमस्काराबरोबर शिरस्त्राणहि असावें असें म्हणणें भाग पडतें. १९८८ च्या कायद्याचें १२९ वें कलम चालक आणि मागें बसणारा असा भेद करीत नाहीं. व्यवहारांत मात्र पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागचीचें डोकें मोकळें, असें सर्रास दिसतें. कारण दंडाची भीति पुढच्याला असते. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांतील १४,३३७ जण मागें बसलेले होते. चालकाला निदान हॅंडल हातांत असतें, समोरचा खड्डा दिसतो. या १४,३३७ जणांच्या हातीं कांहींच नव्हतें.

दुसरी गोष्ट विम्याची. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, केवळ कायद्यानें सक्तीचा केलेला, तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा असेल, तर मागें बसलेल्या माणसाची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाहीं. सर्वसमावेशक विम्यांत त्याचा समावेश असतो. हप्त्याचे थोडे रुपये वाचविण्यासाठीं जो गृहस्थ स्वस्त विमा निवडतो, तो बहुधा नकळत आपल्याच पत्नीला, मुलाला किंवा वृद्ध पित्याला कागदावरून वगळीत असतो.

या सर्व इतिहासावरून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. मोटारसायकल विकत घेतांना दुकानांत चालविणारा बसून पाहतो, हॅंडल धरतो, आवाज ऐकतो. त्याच वेळीं जिला किंवा ज्याला तिच्यावर मागें बसायचें आहे त्यानेंहि बसून पाहावें; हाताला धरण्यास काय आहे, गुडघे किती वांकतात, जाळी आहे कीं नाहीं, हें तपासावें, आणि त्याचें मत अर्धें नव्हे, पुरें धरावें. दुसऱ्या हेल्मेटची किंमत गाडीच्या किंमतींतच मोजावी. आपल्या भाषेनें सोबतीला फार पूर्वीं ‘डबलसीट’ हें नांव देऊन तिचा मान ठेवला; आतां तो मान खरेदीच्या हिशेबांत आणि घाटाच्या वळणावरहि राखला जावा, इतकें सुचवून हा लेख पुरा करतों.