डोकं सगळ्यांचंच, मोजमाप मात्र एकाचंच

लावले ना हेडफोन? आजचा भाग डोक्याबद्दल आहे. डोक्याला मार लागला की आत नेमकं काय होतं, हे माणसाला कसकसं कळत गेलं, आणि ते कळत असताना अर्धी माणसं हिशेबाबाहेर कशी राहिली, त्याचा हा इतिहास.

सुरुवात करू मे १९३५ पासून. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा केर्न्स यांनी सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. १९४१ मध्ये त्यांचा लेख छापून आला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने ड्युटीवरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

ऑक्सफर्डमध्ये केर्न्स यांच्यासोबत होलबोर्न नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचा प्रश्न साधा होता. कवटी फुटत नाही, तरी माणूस बेशुद्ध का पडतो? त्यांनी जिलेटिनचा मेंदू केला आणि तो फिरवून बघितला. १९४३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी उत्तर मांडलं. मेंदू दाबला तर फारसा दबत नाही, पण पिळला तर सहज पिळला जातो. खरवसाचा डबा आठवा. डबा झटकन गोल फिरवला तर डबा फिरतो, आतला खरवस मागे राहतो आणि त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. डोक्याला गिरकी बसली की मेंदूचं तसंच होतं. म्हणजे खरा शत्रू नुसता धक्का नाही, तर ती गिरकी.

१९५६ मध्ये सबिना स्ट्रिच या पॅथॉलॉजिस्टने त्याचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. डोक्याला मार लागल्यावर जे रुग्ण पुन्हा नीट शुद्धीवर आलेच नाहीत, त्यांच्या मेंदूत चेतातंतू जागोजागी तुटलेले होते. मेंदूचं वायरिंगच तुटलं होतं म्हणा ना.

पण अमेरिकेत गाडी वेगळ्या रस्त्याने गेली. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९ पासून न्यूरोसर्जन गुर्जियन आणि इंजिनिअर लिस्नर मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून मोजमापं घेत होते. त्यातून 'किती प्रवेग, किती वेळ' याचा एक आलेख तयार झाला. जास्त वेळाच्या धक्क्यांसाठी हवाई दलाच्या स्वयंसेवकांचे आकडेही वापरले गेले. असा एक प्रसिद्ध स्वयंसेवक म्हणजे कर्नल जॉन स्टॅप. १० डिसेंबर १९५४ ला त्यांनी रॉकेटच्या घसरगाडीवर ताशी सुमारे १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि थांबताना गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट जोर अंगावर झेलला. धाडस भारीच, प्रश्नच नाही. पण बघा, मोटरसायकलवर सैनिक पुरुष, रॉकेटवर पुरुष, आणि १९७६ मध्ये जनरल मोटर्सने 'हायब्रिड थ्री' नावाचा टक्कर चाचणीचा पुतळा आणला, तोही सरासरी अमेरिकन पुरुष. वजन साधारण ७८ किलो.

मग बाईचा पुतळा? तोही आला, सुमारे ४९ किलोचा आणि १५० सेंटिमीटर उंचीचा. म्हणजे सरासरी बाई नाही, तर सगळ्यात लहानखुऱ्या पाच टक्क्यांतली बाई. आणि तिची घडण पुष्कळशी पुरुषाच्याच पुतळ्याचं माप कमी करून केलेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच ओळखू येतं. एकाच प्रकारच्या युजरवर टेस्टिंग करायचं आणि बाकीच्यांसाठी नुसता फॉन्ट लहान करायचा!

आता खरी गंमत ऐका. अविभाजित पंजाबात जन्मलेले न्यूरोसर्जन अयुब ओम्माया अमेरिकेत माकडांवर संशोधन करत होते. माकडांचे आकडे माणसाला लागू करण्यासाठी १९६७ मध्ये त्यांनी मेंदूच्या वजनाचं गणित वापरलं. नियम असा की मेंदू जितका लहान, तितकी जास्त जोराची गिरकी तो सोसतो. स्त्रियांचा मेंदू सरासरीने थोडा लहान. मग या गणिताने त्या जास्त सुरक्षित असायला हव्यात, बरोबर?

मैदानावर मात्र उलटं दिसलं. अमेरिकन कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये मुलींना मेंदूचा धक्का, म्हणजे कन्कशन, मुलांपेक्षा जास्त प्रमाणात नोंदलं जात होतं. काही जण म्हणाले, मुली त्रास लपवत नाहीत म्हणून आकडा मोठा. तेही काही अंशी खरं असेल. पण २००५ च्या एका प्रयोगात मुलामुलींच्या डोक्याला सारखाच ओढा देऊन पाहिलं. मुलींचे मानेचे स्नायू आधी जागे झाले, तरीही त्यांच्या डोक्याचा कोनीय प्रवेग सुमारे ५० टक्के जास्त निघाला. कारण त्यांची मान बारीक आणि ताकद कमी. म्हणजे गणितात मेंदू होता, मान नव्हतीच.

दुसरा धागा सापडला २०१८ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. तिथल्या संशोधकांनी उंदरांच्या आणि माणसांच्या चेतापेशी प्रयोगशाळेत वाढवून सारख्याच ताणल्या. मादीच्या पेशींचे तंतू मुळातच बारीक होते आणि त्यांच्या आतल्या सूक्ष्मनलिका कमी. या नलिका गुळाच्या पाकासारख्या असतात. हळू ओढल्या तर ताणतात, झटका दिला तर तुटतात. सारख्याच ताणानंतर मादीच्या तंतूंचं नुकसान जास्त झालं. अर्थात बशीतली पेशी म्हणजे जिवंत माणूस नव्हे. हार्मोन्सचा भाग किती, मानेचा किती, तंतूंचा किती, हे वेगवेगळं काढणं हेच आज या विषयात पीएचडी करणाऱ्यांचं काम आहे.

आणि हा प्रश्न फक्त मैदानावरचा नाही. २००३ मध्ये ईव्ह व्हॅलेरा यांनी जोडीदाराकडून मार खाल्लेल्या ९९ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणींना त्या मारामुळे किमान एकदा मेंदूची इजा झालेली होती, आणि जवळपास निम्म्या जणींना एकाहून जास्त वेळा. बॉक्सरांच्या मेंदूवर शोधनिबंध १९२८ सालीच आला होता. घरात डोकं भिंतीवर आपटलं जाणाऱ्या बाईकडे शास्त्राचं लक्ष जायला इतकी दशकं जावी लागली.

हळूहळू चित्र बदलतंय. २०२२ मध्ये स्वीडनच्या ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने सरासरी स्त्रीच्या मापाचा, १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलोचा पुतळा जगासमोर आणला. मागून बसणाऱ्या धडकेच्या चाचणीसाठी तो आहे. पण पुतळा बनला म्हणून सक्ती झाली असं होत नाही, ती नियमांनी होते.

नियमावरून आठवलं, आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतं. तरी आपल्या रस्त्यांवर चित्र काय दिसतं? पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईच्या डोक्यावर ओढणी. दुसरं हेल्मेट घ्या, मंडळी. आणि पडल्या-आपटल्यानंतर घरातली कुणी 'उजेड सहन होत नाही, काही सुचत नाही' म्हणाली, तर 'झोप नीट झाली नसेल' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरकडे न्या. पुस्तकातले आकडे तिच्यासाठी मोजलेच नव्हते, हे आता तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, डोक्याची तर नक्कीच!