भंगारांतील स्वर

गेल्या महिन्यांत घर आवरतांना माळ्यावर एका पिशवींत उघडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओचे भाग सांपडले. भंगारवाला दाराशीं उभाच होता. पिशवी त्याच्या हातीं देणार, तोंच एक हकीकत आठवली आणि माझा हात थांबला. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

विजेच्या गिटारचा घोगरा, फाटका सूर घरांतील तरुण मंडळींमुळें आपल्या कानांवर येतच असेल. माझ्या वयाच्या पुष्कळांना तो यंत्राचा बिघाड वाटतो. गंमत अशी कीं, त्याचा उगम एका बिघाडांतच सांपडतो. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स याच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचें ध्वनिमुद्रण अमेरिकेंत नॅशव्हिल येथें चाललें असतां ग्रेडी मार्टिन याच्या सहा तारांच्या बास गिटारचा सूर एकाएकीं फाटला. मुद्रणयंत्रांतील एक ट्रान्सफॉर्मर बिघडला होता. तो भाग पुसून पुन्हां वाजविणें सहज शक्य होतें. पण तो तसाच ठेवण्यांत आला आणि गाणें गाजलें. तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यानें पुढें हाच बिघाड मुद्दाम घडवून आणणारी ट्रान्झिस्टरची जोडणी सिद्ध केली. १९६२ सालीं गिब्सन कंपनीनें ती ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें विकावयास काढली. पायानें कळ दाबावी आणि सूर फाटावा, अशी ती लहानशी पेटी. आरंभीं तिला गिऱ्हाईक मिळेना. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदानें ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यांत ती वापरली, तेव्हां मात्र तिला मोठी मागणी आली.

या पेटीच्या पोटांत घडतें तें काय? तारेचें कंपन विजेच्या लहरीच्या रूपानें ट्रान्झिस्टरकडे येतें व तेथें तें मोठें होतें. परंतु बॅटरीच्या शक्तीबाहेर मोठें होणें त्यास शक्य नसतें. भांडें भरल्यावर दूध उतूं जातें. येथें लहरींचे माथेच छाटले जातात. गोल लहर सपाट होते आणि त्या छाटणींतून मूळ स्वराच्या वरचे अनेक उपस्वर उमटतात. तोच तो खरखराट. लहानशा रेडिओच्या ध्वनिवर्धकालाहि गिटार जोडून असें दमविलें, तर तोहि असाच बोलूं लागतो. हें ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीनें मोडका रेडिओ हा कचरा उरत नाहीं.

असें ठाऊक असलेला एक तरुण लंडनमध्यें होता. त्याचें नांव जॉन डीकन. विद्युत्-विद्येचा हा पदवीधर ‘क्वीन’ या वाद्यवृंदांत बास गिटार वाजवीत असे. १९७२ च्या सुमारास रस्त्याकडेच्या एका कचरापात्रांत त्याला तारा लोंबणारी एक पट्टी दिसली. ती घरीं नेऊन त्यानें पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा एका स्पीकरच्या खोक्यांत बसविली व नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. आवाज वाढविण्याची वा बदलण्याची एकहि कळ तिला नव्हती. डीकनला ती घरच्या सरावापुरतीच हवी होती. परंतु त्याचा सहकारी ब्रायन मे यानें आपली गिटार तिला जोडली, तेव्हां त्या खोक्यांतून सनई-तुतारीच्या जातीचे स्वर निघाले. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यांत अख्खा जाझ बँड वाजत असल्याचा भास होतो. तो या खोक्याच्या साह्यानें एका गिटारनें निर्माण केलेला आहे. पुढें या खोक्याच्या हुबेहूब प्रतिकृति करून विकण्यांत आल्या.

ब्रायन मे याची गिटारहि अशीच जमविलेली. १९६३ सालीं सोळा वर्षांचा असतांना वडिलांच्या मदतीनें त्यानें ती घडविण्यास घेतली. मानेचें लांकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचें, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, आणि पट्टीवरील खुणांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांचीं बटणें! परंतु पुढें मुलगा खगोलशास्त्राचें संशोधन सोडून गाण्यामागें लागला, तें त्याच वडिलांना रुचलें नाहीं. अर्धवट राहिलेली डॉक्टरेट मुलानें २००७ सालीं पुरी केली. या मंडळींचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा तर आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत वाढलेला फारूख बलसारा. शाळेंत असतांनाच त्यानें सोबत्यांसह वाद्यवृंद काढला होता.

शाळेचें नांव निघालें म्हणून आतां त्या पिशवीविषयीं सांगतों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या दप्तरांत हे रेडिओचे भाग, वायरीचे तुकडे आणि एक फाटका स्पीकर मला सांपडला. “अभ्यास सोडून हे कसले उद्योग?” असें म्हणून मीं सारें जप्त केलें व कपाटांत टाकलें. तो मागावयास आला नाहीं. मींहि त्याला बोलाविलें नाहीं. निवृत्तीच्या वेळीं कपाट रिकामें केलें, तेव्हां इतर सामानाबरोबर ती पिशवी माझ्या घरीं आली.

नॅशव्हिलच्या त्या मंडळींनीं सूर पुसण्यापूर्वीं ऐकून पाहिला. डीकननें पट्टी पुढें जाण्यापूर्वीं उचलून पाहिली. त्यांच्यापाशीं विद्या होती हें खरें. पण विद्येला क्षणभर थांबण्याची संधि मिळाली, म्हणून ती कामीं आली. मीं तर त्या मुलाला ‘तूं काय करूं पाहतोस?’ एवढेंहि विचारलें नाहीं. तो केवळ खेळत असेल, किंवा कांहीं नवें जुळवीतहि असेल. तें कळण्याची वाट मींच बंद केली.

आज तो पन्नाशीच्या जवळ आला असेल. कदाचित् हें भाषण तो ऐकतहि असेल. भंगारवाल्याला मीं रिकामें परत पाठविलें. पिशवी माझ्या टेबलावर आहे. तिच्यांतील एकहि तार मीं हलविलेली नाहीं.