शहापूर-मुरबाडला समुद्र नाही, नकाशा मात्र खलाशांचा

मोबाईलवर आपण रोज जो नकाशा उघडतो, त्याचा मूळ साचा खलाशांसाठी काढलेला आहे. १५६९ साली गेरार्डस मर्केटरने तो काढला. गोल पृथ्वी कागदावर सपाट करायची तर काहीतरी बिघडणारच. गाउसने १८२७ मध्ये ते गणिताने सिद्धच केलं. मर्केटरने दिशा सांभाळली, कारण होकायंत्रावर जहाज हाकणाऱ्याला तीच लागते. क्षेत्रफळ त्याने सोडून दिलं.

आता आपल्या भाषेत हिशेब बघा. विषुववृत्तापासून जितकं लांब, तितकी जमीन फुगते. शहापूर साधारण साडेएकोणीस अंशांवर, म्हणून आपला ४० गुंठ्यांचा एकर त्या नकाशावर ४५ गुंठ्यांचा होतो. ६० अंशांवर तोच एकर १६० गुंठ्यांचा, आणि ग्रीनलंडच्या मध्यावर ४०० गुंठ्यांच्याही वर! म्हणून ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे, आणि आपला भारत दीडपट.

क्षेत्रफळ खरं दाखवणारे नकाशे नवीन नाहीत. लॅम्बर्टने १७७२ मध्ये, गॉलने १८५५ मध्ये ते मांडले. १९७३ मध्ये जर्मनीत आर्नो पीटर्सने त्याचं राजकारण केलं: जुना नकाशा गरीब देशांना लहान करतो, असं तो म्हणाला. त्याच्या नकाशात देश ताणल्यासारखे दिसतात, पण मुद्दा टिकला. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियननेही मर्केटर हटवण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला.

आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. ३३ फुटांची साखळी, साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, गुंठ्याचे १६ आणे. नकाशात बांध थोडा वाकडा चालेल, पण क्षेत्र आण्याने कमी भरलं तर माणूस मोजणी पुन्हा मागतो.

पण समक्षेत्र नकाशाही सगळं सांगत नाही. ठाणे जिल्ह्याची साधारण निम्मी जमीन शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आहे. २०११ च्या जनगणनेत इथली माणसं मात्र जेमतेम पाच लाख, जिल्ह्यातल्या ८० लाखांपैकी. जमीन बघणाऱ्याला आपण मोठे आणि मोकळे दिसतो, म्हणून धरणं इथे. १८९२ पासून मुंबई तानसाचं पाणी पिते. तिच्या सात तलावांचा जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात. माणसं मोजणाऱ्याला आपण एवढेसे, म्हणून उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट.

तेव्हा कुणी विकासाचा नकाशा घेऊन आला की मी एवढंच विचारतो: यात काय सांभाळलंय, काय सोडलंय, आणि तो कुणाच्या कामासाठी काढलाय? तुम्हीही ग्रामसभेत विचारा. धरण आणि टँकर दोन्ही एकाच कागदावर दाखवायला सांगा.